दीपगृहाला कुलूप

माझ्या सासूबाईंनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि याचा राग त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होता. कोल्हापूरजवळच्या कळंब्यापासून समुद्र असून असून किती लांब? पण आमच्या घरात कुणाला सवड म्हणून नाही. सासरे होते तोवर म्हशी होत्या. सासरे गेले, म्हशी विकल्या, तोवर नातवंडांच्या शाळा सुरू झाल्या. माझा नवरा अमरसिंह पोलिसात. त्याला विचारलं की तो म्हणणार, "पुढच्या सुट्टीला बघू की." त्या पुढच्या सुट्टीची वाट बघत माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली.

यंदा नवरात्रात मी ठरवलं, बास झालं. अमरसिंह देवळाच्या बंदोबस्ताला, म्हणजे दहा दिवस तो घरी फक्त झोपायला येणार. पोरं माझ्या माहेरी पन्हाळ्याला. घट थोरल्या दिरांच्या घरी बसलेले, त्यामुळे आमच्याकडं दिव्यापाशी थांबायची जबाबदारी नाही. वर मी नुकतीच गाडी शिकले होते आणि "बायकांनी घाटात गाडी घालू ने," असं अमरसिंह एकदा बोलून गेला होता. मी फटकळ आहे, पण काही गोष्टी मनात धरून ठेवते. ही ठेवली होती.

"आत्ती, उद्या समुद्र बघाय जाऊया," मी म्हणाले. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांचं नाव बनाबाई.

"नवरात्रात?"

"समुद्राला सोयरसुतक हाय काय?"

आत्ती हसल्या. "चल की मग. पर मी पायात काय घालणार न्हाय हां. आन् उपासबी सोडणार न्हाय."

पायात न घालण्याचं मला काहीच वाटलं नाही. नवरात्रात निम्मं कोल्हापूर अनवाणी असतं. बँकेत साहेब अनवाणी, कॉलेजात पोरी अनवाणी. काळजी होती ती उपासाची. आत्तींना साखर आहे. रोज सकाळी पोटात सुई टोचून घ्यावी लागते. उपास धरू नका, आणि धरलाच तर सुईचं प्रमाण कमी करा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. त्यावर आत्तींचं उत्तर ठरलेलं, "पन्नास वर्सं धरतोय, आता मरताना सोडू व्हय?" मागच्या वर्षी अष्टमीला त्या अशाच उपाशीपोटी चुलीपुढं कलंडल्या होत्या. साखर इतकी उतरली होती की मला ओळखेनात. अर्ध्या तासात पोटात गोड गेलं नसतं तर बाई हाताला लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून त्या एक कापडी पिशवी जवळ बाळगतात. तिच्यात ग्लुकोजचा डबा, खडीसाखर, पाण्याची बाटली.

सकाळी साडेसहाला निघालो. राधानगरीपर्यंत मी रुबाबात होते. दाजीपूर मागं पडलं, फोंडा घाट लागला, आणि धुकं असं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. समोरून ट्रक आला की मी श्वास धरायची. हाताला घाम, गिअरच्या जागी हँडब्रेक धरलेला. आत्ती शेजारी निवांत केळ सोलत बसल्या होत्या. "बारीक चालीव," एवढंच त्या म्हणाल्या. घाट उतरल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हे मी अमरसिंहला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी समुद्र दिसला. आत्ती पाण्यात गुडघाभर उभ्या राहिल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला बांध कुठाय?" मला इतकं भरून आलं की मी तोंड फिरवून भजी खायला गेले. तिथंच भजीवाल्यानं सांगितलं की पुढं कातळबंदरला जुनं दीपगृह आहे, दीडशे वर्षांचं, वर चढून बघता येतं, पण साडेपाचला बंद होतं. आत्तींचा उत्साह उतू चालला होता. परत फिरायला हवं होतं, हे मला कळत होतं. त्यांच्या पोटात सकाळपासून चार घास खिचडी आणि दोन केळी. मी विचारलं, "काय तरी खाताय काय?" त्या म्हणाल्या, "दिवा बघून खातो." मी ऐकलं. इथं पहिली चूक माझी.

दीपगृह एका उंच कड्यावर होतं. गाडी खाली फाटकापाशी लावायची आणि वर चालत जायचं. आत्तींनी सवयीनं पिशवी काखेला मारली. मी करवादले, "ठेवा ती गाडीत. वर काय पंगत बसवायची हाय?" त्यांनी मुकाट्यानं पिशवी सीटवर ठेवली. दुसरी चूकही माझीच.

खिडकीत पहारेकरी मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मी दोन तिकिटं घेतली, त्यानं वर न बघताच फाडून दिली. दाराशी पाटी होती, चपला बाहेर काढा. एका सहलीची वीस-पंचवीस माणसं आत गेलेली, त्यामुळे दारात चपलांचा ढीग. त्यात मी माझे सँडल काढले. आत्तींना काढायला काही नव्हतंच.

आतला जिना गोल गोल वर जाणारा, दगडी, अंधारा. एकशे बावन्न पायऱ्या. मला उंचीची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी मी गच्चीपेक्षा उंच कधी गेलेच नव्हते. शेवटी एक लोखंडी शिडी, मग कमरेत वाकून बाहेर पडायचं बुटकं दार, आणि एकदम वारा. बाहेर दिव्याभोवती फिरता येईल एवढा अरुंद सज्जा आणि कमरेएवढा जुना कठडा. खाली काळे कातळ, त्यांच्यावर फुटणारं पाणी. मी पाठ भिंतीला चिकटवली आणि हलायला तयार होईना. आत्ती मात्र कठड्याला धरून गोल फिरून आल्या. "वर्षा, आपली गाडी बघ, काड्याच्या पेटीवानी दिसाय लागलीया!"

सहलीची माणसं फोटो काढून उतरू लागली. आपणही उतरूया म्हणून मी आत्तींचा हात धरला, तर हात गार. कपाळावर घामाचे थेंब. एवढ्या वाऱ्यात घाम.

"आत्ती?"

"काय न्हाय. जरा गरगरतंय."

चुलीपुढची अष्टमी डोळ्यांसमोर आली. तोच घाम, तेच जड झालेले शब्द. त्यांना त्या शिडीवरून आणि एकशे बावन्न पायऱ्यांवरून उतरवणं शक्य नव्हतं. मी त्यांना भिंतीला टेकवून खाली बसवलं. "हितनं हलायचं न्हाय. उठायचं तर अजाबात न्हाय. मी पिशवी घेऊन आलोच."

"सावकाश जा," त्या म्हणाल्या.

मी कशी उतरले ते आठवत नाही. सहलीची माणसं फाटकाकडं चालली होती. सँडल पायात सरकवले, खिडकीकडं बघितलं. पहारेकरी नव्हता, मागं पाण्याचा पंप सुरू असल्याचा आवाज येत होता. थांबून त्याला सांगावं असं मनात आलं आणि गेलं. वर माणूस आहे हे त्याला माहीत असणारच, तिकीट त्यानंच फाडलंय. मी पळत सुटले. उतार संपेना. गाडीपाशी पोचले तर किल्ली सापडेना, सापडली तर दाराला लागेना. पिशवी घेतली, बाटलीत चार चमचे ग्लुकोज घालून हलवलं आणि चढ चढायला लागले. सहलीची बस धूळ उडवत गेली. तिच्यामागोमाग, दीपगृहामागच्या कच्च्या वाटेनं उतरलेली एक मोटरसायकल गेली. मी तिच्याकडं बघितलंही नाही.

वर पोचले तर दाराला कुलूप.

मला आधी वाटलं मी चुकीच्या दाराशी आले. मग ते टाळं हातात धरून ओढलं. चांगलं किलोभर वजनाचं, तेल घातलेलं. मी दारावर लाथा मारल्या, हाका मारल्या. खिडकी बंद, पंप बंद. मागच्या पहारेकऱ्याच्या क्वार्टरला पण कुलूप. आवारात एक कुत्रं होतं, ते उठून लांब जाऊन बसलं.

मी मागं सरकून वर बघितलं. आत्ती कठड्यापाशी उभ्या होत्या.

"बसा!" मी जीव खाऊन ओरडले. "आत्ती, खाली बसा!" वारा समुद्रावरून येत होता आणि माझा आवाज माझ्याच तोंडावर परत फेकत होता. त्यांनी हात हलवला. हिरवं लुगडं फडफडत होतं आणि त्या एका बाजूला झुकत होत्या, सावरत होत्या, परत झुकत होत्या. तो कठडा त्यांच्या कमरेपर्यंतच येत होता. मी दोन्ही हातांनी खाली बसायच्या खुणा केल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्या अजूनच पुढं वाकल्या. मी किंचाळले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या होत्या तिथंच होत्या. मग मी खुणा करणं बंद केलं.

फोनला रेंज नव्हती. कोकणात उतरल्यापासून ती येत-जात होती, इथं तर चौकोनात नुसती फुली. हातात ग्लुकोजची बाटली, वर शंभर फुटांवर आत्ती, मधे एक दार. अर्धा तास, डॉक्टर म्हणाले होते. त्यातली दहा मिनिटं गेली होती की पंधरा?

मोटरसायकल आठवली. तोच असणार. गाव तीन किलोमीटर खाली. मी पुन्हा उतारावरून पळाले, गाडी सुरू केली आणि आयुष्यात चालवली नव्हती तशी चालवली. एक डोळा आरशात. आरशात दीपगृह, त्यावर हिरवा ठिपका. तो आहे ना, एवढंच मी बघत होते. रस्ता बघायला हवा होता. पहिल्याच वळणावर डावं चाक चरात गेलं, गाडी दाणकन एका अंगावर कलली आणि काजूच्या झाडाला टेकून थांबली. माझं डोकं काचेवर आपटलं. बाहेर पडायला दार वरच्या बाजूला, ते ढकलून उघडेना. मी रडत होते आणि शिव्या घालत होते. स्वतःला, नवऱ्याला, त्या कुलपाला. शेवटी पायांनी ढकलून दार उघडलं, बाटली आधी बाहेर टाकली, मग मी पडले. एक सँडल आत अडकला तो तसाच राहिला.

झाडांमुळं आता दीपगृह दिसत नव्हतं. ते न दिसणं मला सगळ्यांत वाईट वाटलं. पळताना मी अमरसिंहला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तुझ्या आईला समुद्र दाखवायला नेलं आणि वर सोडून आले. वाक्य पुरं झालं की मी ते पुसायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची.

गावाच्या तोंडाशी टपरी होती. टपरीसमोर मोटरसायकल. पहारेकरी बशीत चहा ओतत होता. माझ्या कपाळाचं रक्त बघून तो उभाच राहिला.

"किल्ली," मी म्हणाले. "वर माणूस हाय. सासू हाय माझी."

"नाय हो ताई. सगळी उतारली. मी शिट्टी मारलंय, कोण ओ देत नाय."

"त्यांना वाऱ्यात कशाची ऐकू येतीय शिट्टी!"

"मगे दारातल्यो चपलो बघलंय. एक पण नाय होती. रोज तसाच बघतंय मी. गुडघे गेलेत माझे, दीडशे पायऱ्यो रोज चढाक जमत नाय. चपल असली तर माणूस वर, नसली तर—"

"अहो, ती अनवाणी हाय!" मी ओरडले. "नवरात्र हाय! आमच्यात पायात घालत न्हाईत!"

त्याच्या हातातली बशी खाली पडली. मला त्याचा गळा धरायचा होता, पण त्याचं तोंड बघून मला कळलं की हा माझ्याइतकाच घाबरलाय. "बसा मागे," तो म्हणाला. "बसा, बसा."

चरातल्या गाडीजवळून आम्ही गेलो. वळण संपलं, झाडं संपली आणि दीपगृह पुन्हा दिसलं. सूर्य बुडाला होता. वरचा दिवा आपोआप लागला होता आणि सावकाश फिरत होता. मी आमच्या बाजूचा सज्जा बघितला. दिव्याखालच्या अंधारात तिथं कुणी दिसलं नाही. मी खालच्या कातळांकडं बघायचं टाळलं. पहारेकऱ्यानंही टाळलं असावं, कारण त्यानं गाडी चालवताना मान एकदाही वळवली नाही.

कुलूप उघडलं. मी आत घुसले. आत आता डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मागून पहारेकरी मोबाइलचा उजेड पाडत, गुडघे धरत येत होता. मी पायऱ्या मोजत नव्हते. मी फक्त "आंबाबाई, आंबाबाई" म्हणत होते. मी देवळात रांग मोठी असली की बाहेरूनच हात जोडून परत फिरणारी बाई. शिडीवर पाय घसरला, नडगी फुटली, बाटली मात्र सोडली नाही. बुटक्या दारातून वाकून बाहेर आले.

समोर कुणी नव्हतं. मी भिंतीला धरून वळले. पलीकडं, रस्त्याच्या बाजूला, आत्ती उभ्या होत्या. दोन्ही हातांनी कठडा आवळून धरलेला, डोकं खाली गेलेलं, लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं. पाय लटपटत होते तरी त्या उभ्या होत्या. डोक्यावरून दिव्याचा झोत जात होता.

मी मागून मिठी मारली आणि त्यांना मागं ओढलं. त्या येईनात. बोटं कठड्यावरून सुटेनात. मी एकेक बोट उकलायला लागले.

"आत्ती, सोडा. मी आलोय. हे प्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. जीभ जड झालेली. बाटली तोंडाला लावली तर त्यांनी मान फिरवली, दात आवळले, मग हातानं बाटली ढकलली. थोडं ग्लुकोज माझ्या हातावर सांडलं.

"पावणं," त्या मला म्हणाल्या. "मला नगो. खाली गाडी पालथी झालीया. त्यात माझी सून हाय."

बाटली कलंडू नये म्हणून मी ती छातीशी धरली.

"झाडात गेली गाडी. बाहीर आलीच न्हाय ती. मी कवाधरनं बघाय लागलोय." त्यांनी पुन्हा कठड्याकडं हात नेला. "बसलो तर दिसत न्हाय हो. तिकडं जावा आधी. ते पानी तिला द्या."

"आत्ती, मीच हाय. वर्षा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मान हलवली. मी त्यांची सून नव्हते. त्यांची सून खाली होती. मी पुन्हा बाटली पुढं केली, त्यांनी पुन्हा ढकलली. पहारेकरी दारातून अर्धा बाहेर येऊन उजेड धरून उभा होता. बाटलीत निम्मं राहिलं होतं. आत्तींचे डोळे मिटायला लागले होते, आणि मिटले तर पाजता येणार नाही, हे मला माहीत होतं.

मी त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकले. आवाज होईल तेवढा साधा केला.

"मी तिकडनंच आलोय, मावशी. तुमची सून बरी हाय. गाडीतनं भाईर काढलीय तिला."

त्यांचे डोळे थोडे उघडले. "लागलंय काय?"

"जरा खरचटलंय. तिनंच हे दिलंय. म्हणाली, आत्तींनी प्याल्याबिगार मी पिणार न्हाय."

"तशीच हाय ती," आत्ती म्हणाल्या. "लई हट्टी."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी एका हातानं त्यांची मान धरली आणि दुसऱ्यानं बाटली. पहिला घोट निम्मा बाहेर आला. दुसरा गेला. तिसराही गेला. दिवा आमच्या डोक्यावरून फिरत होता आणि मी त्यांच्या घशाकडं बघत घोट मोजत होते. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला ठेवलंस न्हवं?"

"ठेवलंय," मी म्हणाले.